धुराड्यातला बूट

॥ श्री ॥

पेअरट्री फार्म, हेरफर्डशायर
१० नोव्हेंबर २०२४

ती. आप्पा व ती. आई यांस,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-नाही करते अशी आईंची तक्रार आहे आणि ती खरी आहे. हे गेल्यापासून फोन कानाला लावला की मला बोलायला सुचत नाही. आई तिकडे गप्प, मी इकडे गप्प. सुनेने सासू-सासऱ्यांशी असं गप्प राहणं बरं नाही, म्हणून पत्राने लिहायचं ठरवलं आहे. उशिरा पोचेल, पण पूर्ण पोचेल.

आप्पा, तुम्ही विचारलंत की चांगली नवी घरं सोडून तुमच्या मुलाने हे जुनं घर का घेतलं. फोटोत तुम्हाला ते वाकडं दिसलं. ते वाकडंच आहे. जसं आहे तसं सांगते.

घर शेतकऱ्याचं आहे, साहेबाचं नाही. चारशे वर्षांचं असावं असं म्हणतात. दगडाच्या बुटक्या पायावर ओक नावाच्या लाकडाचा सांगाडा उभा आहे. ओक म्हणजे इकडचा साग समजा. खांब, तुळया, तिरके टेकू, सगळं लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. खांबांमधल्या चौकटी काटक्या विणून भरल्या आहेत आणि त्यावर माती, गवत आणि शेणाचा गिलावा. म्हणजे आपल्या डोंगरातल्या गावांत असतो तो कूडच. जमीन दगडी लाद्यांची आहे आणि ती सरळ नाही. ओट्यावर लिंबू ठेवलं की ते भिंतीकडे चालायला लागतं. दारं इतकी बुटकी की पहिल्या महिन्यात ह्यांचं कपाळ कायम सुजलेलं असे.

जिथे दोन लाकडं जुळतात तिथे दोन्हींवर एकच खूण कोरलेली आहे. सुतारांनी सगळं घर आधी जमिनीवर आडवं जुळवून पाहिलं, खुणा केल्या, सोडवलं आणि मग उभं केलं. आम्ही घर बघायला आलो तेव्हा हे त्या खुणांवर बोट फिरवत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की मणिबेली. कॉलेजात असताना वीरसिंग भाऊजींबरोबर, म्हणजे वर्गातल्या मित्राबरोबर, होडीने त्या मित्राच्या मामाच्या गावी गेले होते ना, तेव्हाचं. धरणाचं पाणी चढत होतं आणि माणसं आपापल्या घरांच्या खुंट्या काढून खांब खांद्यावर घेऊन वर नेत होती. जे घर सोडवता येतं ते पुन्हा उभं करता येतं, असं ते मला सांगत होते. घर घ्यायचं त्यांनी तिथेच ठरवलं. मला विचारलं, पण ठरवल्यावर.

आता मुख्य गोष्ट. घराच्या मधोमध एक चूल आहे. चूल म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा कोनाडा, वर ओकची जाड तुळई, बाजूला मीठ कोरडं राहावं म्हणून लहान खळगी आणि पाव भाजायची भट्टी. त्यावर विटांचं धुराडं सरळ छपरातून बाहेर गेलं आहे. सगळ्या खोल्या या चुलीला पाठ लावून बसल्या आहेत. ह्यांनी सगळं घर दुरुस्त करत आणलं, पण ही चूल पेटली नाही. गेल्या वर्षी नाताळात पेटवली तर धूर वर जायच्या ऐवजी घरात. ते खोकत म्हणाले की फेब्रुवारीत बघू. फेब्रुवारीत ते राहिले नाहीत.

या लक्ष्मीपूजनाला मी पुन्हा पेटवून पाहिली. तसाच धूर. छताची धोक्याची घंटा कोकलायला लागली, पणत्या दिसेनात, आणि शेजारचा शेतकरी बादली घेऊन धावत आला. मी साडी नेसून अंगणात थंडीत उभी.

इथला घरांचा दलाल म्हणतो की विकून टाका. मला ठरवता येत नाही. तुम्ही वडील आहात, काय करू ते लिहावं.

इकडची काळजी नसावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माया आहेच, तिच्यात उणं पडू देऊ नये.

आपली,
रुचिका

॥ श्री ॥

रनाळे, ता. जि. नंदुरबार
५ डिसेंबर २०२४

चि. रुचिका हीस,
आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वर सौ. लिहायला पेन आपोआप गेलं होतं, थांबवलं. त्या जागी लोक जे लिहितात ते माझ्या हातून लिहवणार नाही, म्हणून नुसतं चि. चालवून घे.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कुडाचं आलं तेव्हा तुझी सासू हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली म्हणून मुद्दाम कळवतो. म्हणाली की आम्ही कपाशी विकीसन पोऱ्याले इंजिनेर कया आणि तो सात समुद्र वलांडीसन कुडना घरमा ऱ्हायना. नंतर मात्र डोळे पुसत आत गेली आणि मिरच्या निवडायला बसली. म्हणजे डोळ्यांना कारण झालं.

मणिबेलीचं मला आठवतं. हेमकांत तिकडून आला तो जेवताना सारखा वर आढ्याकडे बघे. मी म्हटलं, बाबा, काय पाली मोजतोस का? तर विचारायला लागला की आप्पा, आपलं घर सुटेल का. मी म्हटलं की आपलं धाब्याचं घर, वर हातभर माती, सुटायचं कसलं. त्याला ते उत्तर आवडलं नव्हतं. आता तुझं पत्र वाचून कळतंय की त्याला काय विचारायचं होतं.

आता तू विचारलंस त्याचं. माझं मत कडू आहे, पण लिहितो. तुला तिथे ना लेक ना लेकरू. एवढं मोठं घर, आजूबाजूला शेतं, बाहेर बर्फ. विकावं आणि रनाळ्याला यावं. नंदुरबारात दवाखाने आहेत, औषधांचं शिकलेल्या बाईला काम मिळेल. इथे दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांना तू लागतेस. हे दुसरं कारण आधी लिहायला हवं होतं.

पण तुझी सासू आडवी आली. तिचं म्हणणं, ज्या घरात चूल पेटत नाही ते घर नाही, ते गोदाम. आणि ज्या घरात चूल पेटली ते कोणाच्या सांगण्यावरून सोडायचं नाही, सासऱ्याच्याही नाही. शेवटी आमचं दोघांचं असं जमलं की होळीपर्यंत तू प्रयत्न करावा. होळीच्या दिवशी तिथली चूल सरळ पेटली, तर घर तुझं, आम्ही पुन्हा विकण्याचं नाव काढणार नाही. नाही पेटली, तर गाऱ्हाणं न करता विकून यावं. तुला मान्य असेल तर तसं कळव.

कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. तुझी सासू विचारते की तिकडे भाकरीचं पीठ मिळतं का आणि तू खातेस का. पहिल्याचं उत्तर नको, दुसऱ्याचं दे.

आशीर्वाद कायम आहेत, ते मागावे लागत नाहीत.

तुझे,
आप्पा

॥ श्री ॥

पेअरट्री फार्म
५ जानेवारी २०२५

ती. आप्पा व ती. आई यांस,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. होळीची अट मान्य आहे. भाकरी खाते. रोज नाही, पण खाते.

तुमच्या पत्रानंतर मी गॅरेथ नावाच्या माणसाला बोलावलं. तो जुन्या घरांचीच कामं करतो. ह्यांची त्याच्याशी ओळख होती, दोघं तासन्‌तास तुळयांवर गप्पा मारायचे. गॅरेथ वेल्सकडचा आहे, साठीचा आहे आणि चहात चार चमचे साखर घालतो, त्यामुळे मला तो आपल्यातला वाटतो. त्याने धुराडं वरून खालपर्यंत साफ केलं. पक्ष्यांची घरटी, काजळी आणि एक फुटलेली कौलाची खापरी निघाली.

आणि एक बूट निघाला. धुराड्याच्या आत, तुळईच्या मागे विटांची एक फळी आहे, तिच्यावर होता. लहान मुलाचा, चामड्याचा, वाळून लाकूड झालेला, अंगठ्याशी झिजलेला. एकच. गॅरेथने तो दोन्ही हातांवर धरून आणला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबलावर, आप्पा! तिथे सकाळीच मी देवाचं ताट पुसून ठेवलं होतं. चुलीतून निघालेलं पायताण, कोणा अनोळखी मेलेल्या मुलाचं. तो गाडीतून मोजपट्टी आणायला गेला तेवढ्यात मी चिमट्याने बूट उचलला आणि अंगणात जुन्या गिलाव्याचा ढीग आहे त्यात टाकला. टेबल मीठ-पाण्याने धुतलं आणि चूलही धुतली.

गॅरेथ परत आला आणि बूट कुठे आहे असं विचारू लागला. मी सांगितलं. तो माणूस खुर्चीवर बसला. मग हळूहळू म्हणाला की जुन्या काळी घर बांधणारे मुद्दाम धुराड्यात बूट ठेवायचे आणि तो सापडला तर पुन्हा तिथेच ठेवायचा असतो. मी म्हटलं, आमच्याकडे चुलीजवळ चप्पल घालून कोणी गेलं तरी सासू ओरडते. तो म्हणाला की तुमची सासू आणि माझी आजी यांनी बसून ठरवायला हवं. ढीग अजून अंगणात आहे, त्यावर बर्फ पडला आहे.

धुराडं साफ झाल्यावर आम्ही पुन्हा चूल पेटवली. धूर कमी, पण घरातच. गॅरेथने सगळं तपासलं. धुराडं मोकळं आहे, सरळ आहे, उंची बरोबर आहे. का धुरतं ते त्याला कळत नाही. आता तो म्हणतो की चुलीचं तोंड पत्र्याने बंद करून आत लोखंडी बंद शेगडी बसवा, काचेतून जाळ दिसेल. इथे बहुतेक लोक तेच करतात. पण ते मला करायचं नाही. कारण तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांची इच्छा होती की आईंनी इथे यावं, या चुलीसमोर बसावं आणि भाकरी थापावी. म्हणून खालची दगडी लादी त्यांनी आईंच्या बसण्याच्या बेताने मुद्दाम नीट करून घेतली होती. काचेमागच्या जाळावर भाकरी होत नाही.

मार्चच्या शेवटी घर बघायला कोणी जोडपं येणार आहे असं दलालाने कळवलं आहे. मी नाही म्हटलं नाही. होळी आधी आहे.

आपला लोभ हीच इथली शेकोटी, ती विझू देऊ नये.

आपली,
रुचिका

॥ श्री ॥

रनाळे
१ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिका हीस,
आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सर्व कामं सोडून आधी अंगणात जा आणि तो बूट शोधून काढ. मग पुढचं वाच.

आपण सुशिक्षित माणसं असं करतो. घरी जे पाहिलं ते परक्या ठिकाणी दिसलं की ओळखत नाही. अगं, अक्कलकुव्याच्या रस्त्याला उभी राहा, दर दुसऱ्या मालट्रकच्या मागे बूट लटकतो. नव्या घराच्या बांधकामावर काळी बाहुली असते, नाहीतर जुनं पायताण असतं. नजर घरावर पडण्याआधी त्या फाटक्या बुटावर पडावी, एवढंच. त्यांनी तो बाहेर न टांगता धुराड्यात ठेवला. थंड देश आहे, माणसं दारं लावून बसतात, तेव्हा वाईट नजर आत यायला धुराड्याचीच वाट उरते, असा त्यांचा हिशेब असेल. तुझा गॅरेथ शहाणा आहे. त्याला माझा रामराम सांग आणि चार चमचे साखर माझ्यातर्फे घाल.

आणि तुला एक गोष्ट माहीत नसेल. मळ्यातली खोली बांधली तेव्हा हेमकांत पहिलीत होता. त्याला शाळेसाठी नवे बूट आणले होते. खोलीवर टांगायला मला पायताण हवं होतं, जुनं सापडेना, गवंडी घाई करत होता. मी त्याच्या नव्या बुटांतला एक उचलला आणि खिळ्याला अडकवला. पोरगा असा रडला की सगळ्या शिवारात ऐकू गेलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, उरलेल्या एका बुटाने शाळेत जायचं कसं. त्याने शेवटी माझ्याशी भांडून दुसरा जोड घेतलाच, पण उरलेला एक बूट काही केल्या टाकू देईना. कितीतरी वर्षं पेटीत होता. खिळ्यावरचा उंदरांनी आणि उन्हापावसाने संपवला. खिळा अजून आहे.

आता तुझ्या धुराची गोष्ट. ती माझी नाही, तुझ्या सासूची आहे. पत्र वाचून दाखवत होतो. गॅरेथला कारण कळत नाही असं आलं आणि ती तिथूनच बोलली की पोऱ्याने दार लावलं असेल. मी म्हटलं, इंग्लंडात थंडी असते, दार लावणारच. तर म्हणाली, तेच. हिवाळ्यात सकाळी हेमकांत स्वयंपाकघरात अभ्यासाला बसे, कारण तिथे ऊब. आणि बसला की दार लावून घ्यायचा, उंबऱ्याच्या फटीत गोणपाट कोंबायचा, खिडकीतही. पाच मिनिटांत सगळा धूर हिच्या डोळ्यांत. ही ओरडायची की पोऱ्या, दार उघड, चुल्हाले बी वारा लागस, तिले बी जीव शे. तो म्हणायचा, आई, मला पण थंडी लागते. रोज सकाळी हे भांडण. तो चूक होता असं नाही, त्याला थंडीच जास्त वाजायची, जन्मापासून.

यात काही तथ्य आहे का ते तूच बघ. माझी बाई इंजिनियर नाही. पण त्या इंजिनियरला तिने वाढवला आहे.

होळीला थोडेच दिवस उरलेत. मी मनातून अजून विकण्याच्याच बाजूचा आहे, हे लपवत नाही. पण अटीशी खोटेपणा करणार नाही.

सासूचे आशीर्वाद माझ्या आशीर्वादांच्या वर ठेव, तिने तसं बजावलं आहे.

तुझे,
आप्पा

॥ श्री ॥

पेअरट्री फार्म
१५ मार्च २०२५

ती. आप्पा व ती. आई यांस,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

आई, तुमचंच खरं झालं. आधी एवढं लिहिते, बाकी मागून.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि दाराकडे बघितलं. दाराच्या चारी कडांना ह्यांनी काळ्या रबराच्या पट्ट्या लावलेल्या आहेत. खिडक्यांनाही. लाद्यांच्या फटी सिमेंटने बुजवलेल्या. वरच्या तुळयांच्या कडेने डब्यातला, फुगून घट्ट होणारा फेस भरलेला. सगळं काम इतकं सुबक की गॅरेथलाही ते खटकलं नव्हतं. आम्ही पहिल्या हिवाळ्यात इथे आलो तेव्हा ह्यांना फार थंडी वाजायची. आम्ही ऊन माहीत असलेली माणसं. थंडी आली की आपण तिची वाट बंद करतो, दुसरं काही सुचत नाही. इथली जुनी माणसं थंडी आत येऊ द्यायची आणि जाळ मोठा करायची. हे घर त्यांच्या हिशेबाने बांधलेलं आहे.

कारण कळलं, तरी दोन आठवडे मी पट्ट्यांना हात लावला नाही. प्रत्येक पट्टीवर त्यांचा हात फिरलेला आहे. दुपारी कामावरून यायचे आणि संध्याकाळभर गुडघ्यांवर बसून एक एक फट बुजवायचे. मी चहा द्यायची. ते सगळं मी उचकटायचं, हे माझ्याने होईना. त्यांचं काम मोडल्याशिवाय त्यांचं काम पुरं होणार नव्हतं. हे मला पटायला वेळ लागला.

मग एका रविवारी सुरी घेतली आणि मागच्या दारापासून सुरुवात केली. एकदा सुरुवात झाल्यावर सोपं गेलं. गॅरेथला बोलावलं. तो चुलीच्या उजव्या कोपऱ्यात वाकला आणि जमिनीलगत गिलाव्याचं एक ठिगळ ठोकून पाहू लागला. आवाज पोकळ आला. छिन्नीने फोडलं तर आत भोक. भोक कसलं, विटांची नळी, लाद्यांखालून थेट घराबाहेर गेलेली. बांधणाऱ्यांनी चुलीला श्वास घ्यायला नाक ठेवलं होतं. आणि त्या नाकात काहीतरी कोंबलेलं होतं. गॅरेथने ओढून काढलं. आई, तो ह्यांचा निळा स्वेटर होता, तुम्ही विणून दिलेला. मी तो घरभर शोधला होता आणि हे म्हणाले होते की हरवला. गोणपाट मिळाला नसेल.

मी हसायला लागले. गॅरेथला वाटलं की मला काही झालं. मग मी त्याला तुमची दाराची गोष्ट सांगितली आणि तोही हसला, मग बाहेर जाऊन उभा राहिला. स्वेटर मी धुतला आहे. आता लिहिताना अंगात आहे.

बूट सापडला. तुमचं पत्र वाचून त्याच दिवशी मी गिलाव्याचा ढीग हातांनी उपसला. बर्फाने ओला झाला होता, पण शाबूत होता, एवढ्या वर्षांत वाईट दिवस त्याने बरेच पाहिले असतील. मी त्याची माफी मागितली, इंग्रजीत, म्हणजे त्याला कळेल.

१३ तारखेला होळी. मी रजा घेतली, घर सारवता येत नाही म्हणून पुसलं, पुरण शिजवलं. पोळ्या फाटल्या. पेटवण्याआधी बूट जागेवर ठेवायचा होता. गॅरेथने शिडी धरली आणि मी आत चढले. फळीवर तो लहान बूट ठेवला. आणि त्याच्याजवळ ह्यांचा एक बूट ठेवला. कामावरचा, तपकिरी, टाचेशी झिजलेला. ते दोन्ही बूट मागच्या दाराशी वर्षभर तसेच होते, जसे त्यांनी काढले होते तसे. मी त्यांच्याभोवती झाडू फिरवत होते. त्या दिवशी उचलले. गॅरेथ खालून म्हणाला की आता या घराची राखण दोघांनी मिळून करायची.

संध्याकाळी चूल पेटवली. काटक्या, मग ओकच्या ढलप्या. पहिला धूर बाहेर आला, माझ्या तोंडाशी आला आणि थांबला. आप्पा, तो खरंच थांबला, जसा कोणी हाक ऐकून थांबतो. आणि मागे वळून वर गेला. मग सगळाच वर गेला. जाळ उभा राहिला, धुराड्यातून मोठा आवाज यायला लागला आणि उजव्या कोपऱ्यातल्या नळीतून गार वारा माझ्या पावलांवरून चुलीत धावत होता. छताची घंटा गप्प. डोळ्यांत पाणी नाही, म्हणजे धुराचं नाही.

मी बाहेर धावले. धुराड्यातून सरळ, पांढरा धूर वर जात होता. शेजारचा शेतकरी रस्त्यात ट्रॅक्टर थांबवून बघत होता. म्हणाला की त्याने आणि त्याच्या वडिलांनी या धुराड्यातून धूर कधी पाहिला नाही. मग त्याची बायको आली, आणखी दोघं आले. सगळ्यांनी चुलीसमोर उभं राहून फाटक्या पुरणपोळ्या खाल्ल्या. पहिला घास मी चुलीला दिला. गॅरेथने विचारलं की ही कोणती देवी. मी म्हटलं, आज माझ्या सासूची.

तव्यावर एक भाकरीही केली. जाड झाली, एका बाजूने करपली, पण टम्म फुगली. ती ह्यांच्या नावाने बाजूला ठेवली आणि नंतर मीच खाल्ली.

दलालाला फोन करून त्या जोडप्याला येऊ नका म्हणून सांगितलं आहे. आप्पा, अट मी पुरी केली आहे. पण तुम्ही लिहिलेलं ते दुसरं कारण, जे आधी लिहायला हवं होतं, ते मी विसरलेले नाही. दर हिवाळ्यात कपाशीच्या वेळी मी रनाळ्याला येईन आणि महिनाभर राहीन. आणि तुम्ही दोघांनी इथे यावं. चुलीपुढची लादी आईंची वाट बघते आहे.

या पत्राबरोबर वेगळं पार्सल पाठवलं आहे. त्यात काय आहे ते उघडल्यावर कळेल. कुठे ठेवायचं ते तुम्हाला सांगायला नको.

इथे ऊब भरपूर आहे, तरी आपल्या मायेची भर घालत राहावी.

आपली,
रुचिका

॥ श्री ॥

रनाळे
२ मे २०२५

चि. घरधनीण रुचिका हीस,
आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आधी आलं, पार्सल उशिरा. बरं झालं, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आधी पोचलं.

पत्र चारदा वाचावं लागलं. एकदा माझ्यासाठी आणि तीनदा तुझ्या सासूसाठी. धूर थांबला आणि मागे वळला, तिथे ती दर वेळी मला थांबवते आणि पुन्हा वाचायला लावते. स्वेटरचं वाचलं तेव्हा म्हणाली की चोट्टा कुठला, मला सांगितलं होतं की रोज घालतो. आता गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे की इंग्लंडची चूल हिने रनाळ्यात बसून पेटवली. इतका मान तिला मुलाच्या लग्नातही मिळाला नव्हता. मी हरलो आहे आणि मला घरात कोणी विचारत नाही.

पण खरं लिहितो. हरल्याचं वाईट वाटलं नाही. मुलगा परक्या मुलखात अर्धं काम टाकून गेला, हे माझ्या छातीवर होतं. ते उतरलं. त्याचं काम पुरं झालं आणि ते घरच्या माणसाने केलं.

आखाजीला हेमकांतच्या नावाची घागर भरली. पहिलीच. वर सांजोरी आणि आंबा ठेवला, त्याला आवडायचं ते. वीरसिंग अक्कलकुव्याहून मुद्दाम आला होता, आता तो तिथे शाळेत हेडमास्तर आहे. जेवल्यावर आम्ही तिघं पार्सल घेऊन मळ्यात गेलो. तुझ्या सासूने बूट पदराखाली धरला होता. वाटेत लोकांनी विचारलं की काकू, काय घेतलं, तर म्हणाली की मन्हा पोऱ्या.

मळ्यातल्या खोलीची शिडी मला चढू देईनात. वीरसिंग चढला. खिळा गंजला आहे, पण हलत नाही. त्याने वरून विचारलं की आप्पा, या खिळ्यावर आधी काय होतं. मी त्याला एका बुटाची गोष्ट सांगितली आणि तो शिडीवरच हसत बसला. मग त्याने तुझा पाठवलेला बूट नाडीने खिळ्याला बांधला. पहिला बूट तळहाताएवढा होता. हा पपईएवढा आहे. वारा आला की हलतो. खाली शेळ्या थांबून वर बघतात, म्हणजे कामाला लागला आहे.

त्याच्या लहानपणी मी त्याचा जोड फोडला होता म्हणून तो रडला होता. आता तू पुन्हा जोड फोडलास, एक बूट तिकडे, एक इकडे. पण या वेळी तक्रार करायला जागा नाही. दोन्हीकडे त्याचीच घरं आहेत.

तुझी सासू पासपोर्टच्या फोटोसाठी नंदुरबारला जाऊन आली. फोटो काढणाऱ्याने हसू नका म्हणून सांगितलं, ते हिला जमत नव्हतं, तीनदा काढावा लागला. तिने विचारायला सांगितलं आहे की त्या चुलीवर मांड्यांचं खापर बसेल का, म्हणजे इथून खापर आणते आणि मांडे करते, तुझ्या फाटक्या पोळ्यांची इंग्लंडात झालेली नाचक्की भरून काढायला. गॅरेथसाठी साखर जास्त घालीन म्हणते.

मला विमानाची भीती वाटते, पण हे तिला कळवू नकोस. थंडीत येऊ. दार उघडं ठेव.

तुझे,
आप्पा